खाली माणूस असताना

९ मार्च
काल विष्णूचा दहावा झाला. पाणी टँकरचं. लष्कराने पेटी उघडू दिली नव्हती. धाकट्या भावाचं तोंड न बघताच...

गावच्या पाणी सोसायटीच्या सामाईक विहिरीचं काम बंद. दगड उपसायची यारी तशीच उभी. तिच्यावर आमच्या वडिलांशिवाय, अण्णांशिवाय कोणी बसत नाही.

१२ मार्च
विष्णूच्या युनिटचे सुभेदार आले. पुलाचा लोखंडी सांगाडा हेलिकॉप्टरखाली टांगून नदीपलीकडे न्यायचा होता. वाऱ्याने तो झोके घेऊ लागला. आत सोडायची कळ विष्णूच्या हाताशी. खाली मजूर. त्यांच्यावरून पुढे जाईपर्यंत त्याने सोडला नाही. मग हेलिकॉप्टर डोंगरावर आदळलं. विष्णू आणि दोन्ही पायलट गेले.

त्याची बायको वंदना एवढंच म्हणाली, "कळ दाबायला कितीसा येळ लागतो?"

सुभेदारांनी चहा घेतला नाही.

१३ मार्च
अण्णा जेवले नाहीत. "म्याच शिकिवलं त्याला. खाली माणूस हाय तवर दोर सोडायचा न्हाई."

शिकवलं ते आमच्या जुन्या विहिरीवर. एकदा यारीचा ब्रेक निसटला, विष्णूने दोर हातांनी धरला. तळहात सोलून निघाले. खाली मी होतो. घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी तो विषय काढत नाही.

१५ मार्च
वंदना: "भावजी, त्या मजुरांची लेकरं वाचली, कळतंय मला. पण त्या दोघा पायलटांच्या बायका मला काय म्हणत असतील?"

 

१८ मार्च
दोन दिवस टँकर नाही. सोसायटीचे चेअरमन विहिरीचं काम धरा म्हणून सांगून गेले. अण्णा पाठ करून बसले.

२० मार्च
काम धरलं. अण्णा यारीवर बसले, पण खाली कुणाला उतरू देईनात.

विहिरीवरचा मजूर गंगाराम म्हणाला, "अण्णा, दगुड काय सोताहून बादलीत चढतोय व्हय?"

"तुजं तोंड घाल त्यात."

शेवटी मी उतरलो. तो ब्रेक निसटल्यानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बादली भरून हात वर केला. अर्ध्यावर येऊन ती थांबली. डोक्यावर हलत राहिली. मी बाजूला सरकलो नाही.

वरून अण्णांचा आवाज, "कोण हाय खाली?"

मला उतरताना त्यांनीच बघितलं होतं.

"मी हाय, अण्णा."

बऱ्याच वेळाने बादली वर गेली. दिवसभरात तेवढीच. अण्णा उद्या यारीवर बसतील का, माहीत नाही.