तेलाची वाटी

मलकापूर, सोमवार, संध्याकाळ

बाबांच्या फुप्फुसात कॅन्सर निघाल्यापासून आमचं लक्ष खोकल्याकडेच. डावी पोटरी सुजली, तर वाटलं पडून पडून सुजली असेल. आत्यानं तेल कोमट केलं. वाटी घेऊन मीच चोळायला बसले, तेवढ्यात इंजेक्शन द्यायला नर्सबाई आल्या आणि ओरडल्याच, "चोळू नका! या रोगात पायात रक्ताची गाठ होते. सुटली तं फुप्फुसात जाईन." तसंच दवाखान्यात नेलं. गाठच होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

बाई पाच मिनिटं उशिरा आल्या असत्या तर? माझ्याच हातानं...

संध्याकाळी आत्या तीच वाटी घेऊन दवाखान्यात हजर. तिथं ड्यूटीवर असलेल्या नर्सबाईंना बळंच बाकावर बसवलं आणि म्हणाली, "माया भावाचा पाय नाई चोळू देल्ला ना? आता आण तुये पाय!"