न नेमलेला अडत्या

अकोला,
दि. ९ ऑगस्ट २०१०

चि. प्रणालीस,
महादेवकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या होस्टेलचं पत्र आज दुकानावर आलं. पालक म्हणून तिथं माझी सही आहे ना. दोनच ओळी आहेत. आपली पाल्य वारंवार प्रॉक्सी करताना आढळली आहे. शनिवारी चौदा तारखेला येऊन खुलासा करावा, अन्यथा वसतिगृहातली जागा रद्द होईल. मले प्रॉक्सी काही समजेना. शेजारच्या वेल्डिंगवाल्यांचा हसनैन बी.कॉम.ले आहे, त्याले विचारलं. तो आधी हसला. मग म्हणाला की एकानं वर्गाला दांडी मारायची अन् दुसऱ्यानं त्याच्या नावाची हजेरी द्यायची, त्याले प्रॉक्सी म्हणतात.

आता मी काय समजू? वीस वर्षं झाली, जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देतो. बेअरिंग कुठं घासते ते कानानं ओळखतो. मागच्या मंगळवारी सकाळी अकराला तुझा फोन आला तेव्हा मागं कंडक्टर बडनेरा, मूर्तिजापूर ओरडून राहिला होता. तुमच्या कॉलेजात कंडक्टर शिकवतात काय?

दादाले, म्हणजे तुझ्या बाबाले, अजून सांगितलं नाही. त्यानं तुले अमरावतीत ठेवलं ते माझ्या भरवशावर. एक तक्रार आली की पोरगी घरी, हे तो तुझ्यादेखत बोलला आहे. शुक्रवारी तो मोटर घेऊन दुकानावर येणार. तोवर मले खरं पाहिजे. फोन करू नको. तू रडशील, मी ओरडीन, आणि खरं राहून जाईल. लिही, आणि आपल्या शालिकराम कंडक्टरजवळ सकाळच्या गाडीला दे.

राग आहे, पण माया आटली नाही एवढं ध्यानात ठेव.
तुझा
महादेवकाका


अमरावती,
दि. १० ऑगस्ट २०१०

ती. महादेवकाकांना,
प्रणालीचा शि. सा. न. वि. वि.

हसनैनला सांगा की तो सांगतो ती प्रॉक्सी त्याच्याच कॉलेजात चालत असेल. माझी हजेरी ब्याण्णव टक्के आहे, उतारा सोबत जोडला आहे. तुम्ही एका हसऱ्या पोराचं ऐकून मला दांडीबहाद्दर ठरवलंत, याचं वाईट वाटलं. इतकंच लिहिते, जास्त लिहीत नाही.

ही प्रॉक्सी वेगळी. कापूस घेऊन बाबा थेट मिलच्या दारात जात नाहीत, मध्ये अडत्या असतो. तसा लॅपटॉप आणि इंटरनेटच्या मध्ये एक अडत्या नेमता येतो, त्याला प्रॉक्सी म्हणतात. होस्टेलला गेल्या महिन्यात नेट आलं, तिथं सगळ्यांनी थेट जायचं. तुम्ही दिलेला लॅपटॉप मात्र कुठल्याशा अडत्याचंच दार वाजवतो, आणि प्रॉक्सी सर्व्हर जोडणी नाकारत आहे असं दाखवून बसतो. माझं एकही पान उघडत नाही, पण दार वाजवल्याची नोंद तिकडे होते. बंद केलेल्या साइट चोरून पाहायला मुली असंच करतात, म्हणून रेक्टर मॅडमना संशय. सेटिंगमधली त्याची टिकमार्क मी रोज काढते. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की ती परत लागलेली. मॅडम विचारतात, तू नाही लावत तर कोण लावतं?

कंडक्टर खरा होता. प्रोजेक्ट पाठवायला ऑफ तासाला मी स्टँडजवळच्या कॅफेत गेले होते. मिस्बाह, माझी रूममेट, सोबत होती. बाबांना काय सांगाल?

रागावलात तरी आपलेपणा कमी करू नका.
आपली
प्रणाली


अकोला,
दि. ११ ऑगस्ट २०१०

चि. प्रणालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हजेरीचा उतारा दोनदा वाचला. हसनैनले दाखवला, आता तो मागच्या बोळातून जातो. माझंही चुकलं. कान बरोबर होते, डोकं चुकलं.

आता मी विचारतो तेवढंच सांग. मोटर जळली की शेतकरी मोटरले शिव्या देतो. मी आधी स्टार्टर उघडतो. ती टिकमार्क नेटची वायर लावल्यावर परत येते, की मशीन चालू होताक्षणीच? वायर काढून, सगळं तोडून चालू करून पाहा. वायर नसताना आली तर लावणारा आतच बसला आहे, बाहेर शोधू नको. दुसरं, त्या अडत्याचा पत्ता काही तरी लिहिलेला असेल. तो टिंबासकट जसाच्या तसा उतरव. मिस्बाहले बाजूला बसव. साक्षीदार असला म्हणजे कोणी खोटं पाडत नाही.

दादाचा आज फोन आला, तुझी खुशाली विचारली. बरी आहे म्हणालो. भावाशी बोलताना माझी जीभ अशी कधी अडखळली नव्हती. परवा तो समोर बसेल.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला
महादेवकाका


अमरावती,
दि. १२ ऑगस्ट २०१०

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. वायर काढली, लॅपटॉप सुरू केला, टिकमार्क हजर. पत्ता १०.०.७.१ असा आहे. मग मिस्बाह म्हणाली की लावणारा आत असेल तर लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींच्या यादीत सापडेल. तिथं एक लहानशी फाईल निघाली. आत चारच ओळी. एकीत हाच पत्ता, आणि वर 'मिल स्टोअर' असं नाव. तारीख चार वर्षांपूर्वीची.

काका, रागावू नका. लॅपटॉप शोरूमचा, नवा कोरा, असं तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं होतं. खोकं नव्हतं, पावतीही नव्हती, पण मी कधी विचारलं नाही. आता ही फाईल दाखवली तर मॅडम विचारतील की गिरणीचं यंत्र तुझ्याकडे कसं आलं. चोरीचा माल म्हटलं तर तुमचं नाव येईल.

त्यापेक्षा मी फाईल काढून टाकते आणि प्रॉक्सी मीच लावली असं लिहून देते. बाबा घरी नेतील. मला चालेल असं नाही, पण मी सहन करीन. तुम्ही सांगाल तसं. आज दिवसभर वर्गात लक्ष नव्हतं.

तुमची लाडकी, अजून असेन तर,
प्रणाली


अकोला,
दि. १३ ऑगस्ट २०१०

चि. प्रणालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र दुपारच्या गाडीनं येत आहे. फाईलले हात लावू नको. काहीही लिहून देऊ नको. जळालेली कॉइल गिऱ्हाइकाले दाखवल्याशिवाय मी कधी फेकली नाही.

शोरूमचं मी खोटं बोललो. नांदगाव पेठेतली एक गिरणी बंद पडली, तिच्या अकरा मोटरी मी भरल्या होत्या. त्या कामाच्या बदल्यात स्टोअरकीपरनं हे मशीन दिलं. तशी त्याच्या सही-शिक्क्याची चिठ्ठी आहे माझ्याजवळ. चोरीचं नाही. पण काकानं पुतणीले कोणाचं वापरलेलं दिलं, हे सांगायला लाज वाटली. चौथी नापास माणूस मी, एकदा शोरूमचं नाव घ्यायची हौस आली. त्या हौसेपायी मीच तुले पाच दिवस गुन्हेगार म्हणून उभं केलं.

आज दादा आला. सारं सांगितलं; होस्टेलचं पत्र, प्रॉक्सी, माझं खोटं. तो मोटरच्या झाकणावरचा चिखल नखानं खरवडत बसला. दोन वर्षांच्या नापिकीत आपल्या गावातल्या तीन पोरींचं शिक्षण सुटलं, ते त्याच्या मनात असेल का, कोण जाणे. शेवटी त्यानं पहिली गाडी किती वाजताची, एवढंच विचारलं. इतक्या वर्षांत त्याच्या आवाजावरून त्याच्या मनातलं मले ओळखू आलं नाही असं आजच झालं.

उद्या आम्ही दोघं येतो. लॅपटॉप बंद करून ठेव.
तुझा अपराधी
महादेवकाका


अमरावती,
दि. १५ ऑगस्ट २०१०

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

काल तुम्ही गाडीच्या घाईत निघालात, म्हणून लिहिते. तुम्ही चिठ्ठी घेऊन कॉम्प्युटरवाल्या सरांबरोबर आतल्या खोलीत गेलात तेव्हा ऑफिसात मी, बाबा आणि रेक्टर मॅडम. तीनदा लॅपटॉप बंद करून चालू केला, तीनदा टिकमार्क आली. मग मॅडम म्हणाल्या की ठीक आहे, फाईल काढा आणि जा, विषय संपला.

मी उठले. बाबा उठले नाहीत. ते म्हणाले की पोरीनं जो अडत्या नेमलाच नाही त्याचा जाब तुम्ही तिला लेखी विचारला. आता तिची चूक नव्हती हेही लेखी द्या, आम्ही बसतो. काका, आपले बाबा, जे तलाठ्यासमोर टोपी काढून उभे राहतात. मॅडमनी शिक्का मारून दिलं. सरांनी फाईल काढली, आणि माझं पहिलं पान उघडलं.

एक कळलं नाही. निघताना बाबांनी विचारलं की तुझी गोधडी उसवली होती ना, ती दे. त्यांना ती कशी आठवली? मी आणून दिली, त्यांनी पिशवीत कोंबली आणि तसेच गेटबाहेर पडले. ते अजून रागावले आहेत का? आता शोरूमचा लॅपटॉप दिलात तरी घेणार नाही, हाच बरा आहे.

मायेत असू द्या.
आपली
प्रणाली


अकोला,
दि. १७ ऑगस्ट २०१०

चि. प्रणालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गोधडीचं विचारलंस म्हणून सांगतो. शनिवारी पहाटे स्टँडवर दादा भेटला तेव्हा त्याच्या काखेत ती मोठी पिशवी होती. रिकामी. कशाला आणली, हे मी विचारलं नाही; तुझं सामान त्यात मावेल इतकी ती होती. मूर्तिजापूर येईस्तोवर मी तिच्याकडे पाहिलं नाही अन् त्यानं माझ्याकडे.

परतीच्या गाडीत ती पिशवी त्याच्या मांडीवर होती. बडनेरा गेल्यावर तो म्हणाला की टाके उसवले आहेत, पोरीच्या आईकडून दुहेरी घालून घेतो, आणि थंडी पडायच्या आत शालिकरामाजवळ परत पाठवतो. अमरावतीत थंडी फार असते म्हणे.

अभ्यास कर.
महादेवकाका