दोन दातांची रायफल

प्रति,
मा. अधिकारी,
शस्त्र जमा व परत कक्ष,
विश्रामबाग, सांगली.

विषय : जमा केलेली माउझर रायफल परत न मिळता दुसऱ्याची मिळाल्याबाबत.
संदर्भ : ‘दोन्ही रायफली सारख्याच आहेत’ हे आपले लेखी उत्तर.

महोदय,

१. अर्जदार श्रीमती विजयमाला माने, रा. आष्टा, यांनी रानडुकरांपासून ऊस राखण्यासाठी परवान्यावर बाळगलेली रायफल निवडणुकीआधी आपल्या कक्षात जमा केली. निकालानंतर आपण ती परत केलीत असे आपण म्हणता. आपण परत केलीत ती दुसरीच.

२. घरी अर्जदारांची मुलगी राजनंदिनी, जी नेमबाजीच्या राज्यस्पर्धा खेळली आहे, हिने रिकाम्या रायफलीचा, नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट पुढे लोटला आणि म्हणाली, “आई, ही आपली न्हाई.” अर्जदारांची रायफल १८९८च्या धाटणीची. तिची स्प्रिंग बोल्टचा दांडा उचलतानाच ताणली जाते. हिची मात्र बोल्ट पुढे लोटताना ताणली जाते, म्हणजे ही त्याआधीची धाटणी. शिवाय गोळी उडताना बोल्टला जागीच अडकवून ठेवणारे दात हिला दोनच आहेत. नव्या धाटणीत मागे तिसरा दात असतो. पुढचे दोन तुटले तरी बोल्ट नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात घुसू नये, एवढ्यासाठी तो असतो.

३. अर्जदार आपल्याकडे आल्या. लिपिकांनी मान वर न करता सांगितले, “आवं मावशी, दोन्हीला एकच गोळी चालती. भांडताय कशाला?” एकाच टपरीचा चहा चालतो म्हणून साहेबांची व लिपिकांची खुर्ची बदलल्याचे अर्जदारांच्या ऐकिवात नाही. क्रमांक जुळत नाही हे दाखवल्यावर आपण रायफल न बदलता परवान्यावरचा क्रमांक बदललात. चप्पल होईना म्हणून पाय तासणारा कारागीर अर्जदारांनी प्रथमच पाहिला.

४. त्यानंतर माधवनगरच्या श्री. वीरधवल घोरपडे यांनी फोन केला. अर्जदारांची रायफल त्यांना मिळाली होती. दस्त्यावर कोरलेले अर्जदारांच्या दिवंगत पतीचे नाव वाचून त्यांनी शोध घेतला होता. ते म्हणाले, “आक्का, माझी तुमच्याकडं असंल तर उडवू नका. दाताला चीर गेलीया. मी ती कवाच वापरायची सोडली.” त्याच रात्री राजनंदिनी ती घेऊन रानात जाणार होती.

५. अर्जदार व श्री. घोरपडे दोघेही रायफली घेऊन आपल्यासमोर हजर झाले. आपण दोन्हींच्या लाकडाचे पॉलिश न्याहाळलेत, बोल्ट उघडण्याची तसदी घेतली नाहीत, आणि संदर्भातील उत्तर लिहून दिलेत. अर्जदार चीर गेलेली रायफल पुढे करत म्हणाल्या, “सारख्याच हायत न्हवं? मग मैदानावर चला, साहेब. ही तुमी उडवा.” आपण हात पुढे केलात. तेवढ्यात वीरधवल भिंतीकडे सरकले. आपण हात मागे घेतलात.

६. अर्जदारांच्या मते हात मागे घेणे हा आपल्या कक्षाने दिलेला एकमेव अचूक तांत्रिक अभिप्राय होय. तो फाइलमध्ये नोंदवावा व त्यानुसार ज्याची रायफल त्याला द्यावी.

आणखी एखादे लेखी उत्तर न पाठवल्यास उपकृत होणारी,

(सही)
विजयमाला लालासाहेब माने
आष्टा, ता. वाळवा
१२ डिसेंबर २०२४