वीतभर खाली दोरी

६ जानेवारी
माझ्यावर अन्याय झाला आहे, नोंद असावी. अंगणातली कपड्यांची दोरी वीतभर खाली बांधली गेली. सकाळी दात घासत निघालो की थोरल्या बहिणीचं ओलं लुगडं फटकन तोंडावर. चष्मा गेला, अब्रूही.
"ताई, काहून खाली केली?"
"हात पुरत नाही, बापू."
"हात आखडले का तुझे?"
"नाही रे. दोरीच वर गेली."
चाळीस वर्षं मागावर वाकलेली बाई, वाद काय घालणार. दुपारी दोरी जुन्या खिळ्यावर. न्याय झाला.

१३ जाने.
ऑटोवर भोंगा: रविवारी शाळेत हाडांची तपासणी, फुकट. पन्नाशीवरच्या बायांनी यावं. मशीनमध्ये टाच ठेवायची, हाड ठिसूळ की पक्कं ते कळतं म्हणे. आयता विषय! साप्ताहिकाला लेख: 'टाच-ज्योतिषी आले हो'. पोपटवाले गेले, हे आले. मागून गोळ्यांचं दुकान येईलच. एका बैठकीत उरकला. खूश.

१७ जाने., रवि.
लेख गल्लीत गाजला. शेजारची शेवंताबाई: "भाऊ, बरं झालं सांगतलं. मी त निघालीच होती."
ताईनं सकाळी नवी चप्पल काढली होती. दुपारी पुन्हा खोक्यात.
"जात नाही का?"
"तूच त लिहिलं नं, लुटारू आहेत म्हणून."
सांगायला हवं होतं की ते आपलं गमतीनं...
नाही सांगितलं. कौतुक पचवत होतो.

३ फेब्रु.
ताई टाचा उंचावून ओली चादर दोरीवर टाकत होती. पडली नाही. पाठीत कट् झालं म्हणते, अन् खाली बसली ती बसलीच.

४ फेब्रु.
मणका दबला. जुना एक आधीच दबलेला. हाडं पार ठिसूळ.
डॉक्टर: "उंची घटली होती. घरात कोणाच्या ध्यानात नाही आलं?"
गावभराची व्यंगं टिपणारा मी. घरातलं दिसलं नाही.

१७ फेब्रु.
पट्टा, पलंग. कूस बदलायला दोघं लागतो, मी अन् बायको. माग झाकून ठेवला.
"ताई, तो लेख..."
"चांगला होता. मले खूप हासू आलं."
शिवी दिली असती तर परवडलं असतं.

१ मार्च
येत्या रविवारी तेच मशीन पुलापलीकडच्या गावी, कारध्याला. साप्ताहिकाला चार ओळी दिल्या: माझं चुकलं. बायांनो, टाच दाखवून या. उंची घटली, पाठ वाकली, तर वयावर ढकलू नका.
संपादक: "भाऊ, यात गंमत नाही."
"नाही. छापा."

७ मार्च, रवि.
बायको अन् शेवंताबाईला पूल ओलांडून नेलं. शेवंताबाई पाय पुढे करीना, टाचेच्या भेगांची लाज. तिचं ठीक निघालं. बायकोचं नाही, नागपूरला मोठी तपासणी करा म्हणाले.
ताई म्हणते, भिंत धरून उठीन. डॉक्टर म्हणतो, बघू.
घरी आल्यावर खिळा उपटला. दोन वीत खाली ठोकला, दोरी ताणली, तिचं लुगडं वाळत घातलं. ती पलंगावरून पाहत होती.
"कायले रे? तुले लागन तोंडाले."
"लागू दे."