राउटर माझ्या ताब्यात

३ मार्च, सोमवार
आजपासून कंपनीची गुलामगिरी बंद. राउटरमधलं तिचं भिकार सॉफ्टवेअर उडवून ओपन सोर्स फर्मवेअर टाकणार. शुक्रवारी बायकोचा व्हिडिओवर इंटरव्ह्यू आहे. मुलांपायी सोडलेली नोकरी तिला परत हवीय. मोबाइलला घरात रेंज नाही, म्हणजे सगळी भिस्त राउटरवर. नेट अडकत का होईना चालतंय, शुक्रवारपर्यंत हात लावू नकोस, म्हणाली. घाबरट.

मेव्हण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दाजी, राउटरखालच्या स्टिकरवरचं व्हर्जन जुळवून मगच टाका, म्हणाला. स्टिकर मी मागेच खरवडून काढलंय. वाईट दिसायचं. व्हर्जन अंदाजाने घेतलं. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

४ मार्च
फर्मवेअर चढवताना मध्येच अडकलं. राउटरच्या पाठीत दोन रट्टे घातले. लाल दिवा लागला, तो विझेना. म्हणजे आत काम चालू आहे.

५ मार्च
काम अजून चालूच.
मेव्हणा आला. राउटर मेलाय म्हणाला आणि हसला. हसला नसता, तर मी त्याच्या मनगटावर स्क्रूड्रायव्हर हाणला नसता. तोही मुठीकडून. मी रानटी नाही. त्याने कॉलर धरून मला शोकेसवर आपटलं. काच फुटली, माझा ओठ फुटला, मी त्याला चावलो. बायकोने दोघांवर बादली ओतली.
संकल्प: उद्यापासून रागावर ताबा.

६ मार्च
मनगटाला पट्टी बांधून मेव्हण्याने स्वतःचा राउटर आणून जोडला. ताईसाठी, तुमच्यासाठी नाही, हे दोनदा ऐकवलं. आमच्या राउटरसारखाच काळा डबा. नेट सुसाट. बायकोने आरशासमोर उत्तरं म्हणून पाहिली. आवाज कापत होता तिचा. मला गलबलून आलं.

७ मार्च, सकाळी
बेडरूमचं दार बंद, इंटरव्ह्यू सुरू. शेवटचा प्रयत्न म्हणून आमचा राउटर मेव्हण्याच्या राउटरशेजारी लावला. तोच लाल दिवा. डोकं सणकलं. वायर हिसडली, डबा फरशीवर आपटला, हातोड्याने चेचला. अँटेना पिरगाळून मोडल्या, आतली हिरवी पट्टी टाचेखाली चिरडली. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

आतून बायको हॅलो हॅलो करू लागली. ऐकू येतंय का, असं पुन्हा पुन्हा विचारत होती.
टेबलावर लाल दिवा अजून तसाच जळतोय.

७ मार्च, थोड्या वेळाने
बाथरूममधून लिहितोय. हातोडा बायकोकडे आहे. मेव्हणाही आलाय. दार हादरतंय, पण काळजीचं कारण नाही. कडी मी स्वतः बसवलीय.