पलंगाखालचे तीन दांडे

९ जानेवारी, गुरुवार

नाहीच येत तो. फोनवर आधी माझ्या गुडघ्याची चौकशी, तेव्हाच ओळखलं. गुडघ्यापासून सुरुवात झाली की गाडी 'आई, यंदा पण रजेचं जमत नाहीये' या स्टेशनावरच थांबते. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

'आणि ते खोकं?' म्हणाला.

'आहे. पलंगाखाली. कुणी खाल्लं नाही.'

हसला. अगदी ह्यांच्यासारखा हसतो — आधी श्वास, मग आवाज. फोन ठेवला आणि हॉटेलच्या पडद्यांची शिलाई घेऊन बसले. शिवण वाकडी गेली. उसवली.

१० जानेवारी

झाडताना पायाचा अंगठा पुन्हा खोक्यावर आपटला. रोजचंच आहे.

मागच्या वेळी टिल्लू सुट्टी संपवून गेला आणि दुसऱ्या दिवशी हे पार्सल दारात! एक दिवस आधी आलं असतं तर काय बिघडलं असतं? टिल्लू म्हणजे माझा एकुलता एक, तिकडे लांब नोकरीला असतो. सहा फूट उंच आहे, पण लहानपणी चिकटलेलं नाव निघत नाही. खोक्यात लोखंडाचे तीन दांडे. तो ब्रेस म्हणतो. एक पुढे इंजिनच्या वर आडवा बसतो, एक गाडीच्या पोटाखाली, एक मागे डिकीत. गाडीच्या दोन्ही बाजूंना ते घट्ट धरून ठेवतात, म्हणजे वळणावर तिचं अंग पिळवटत नाही. बहीण म्हणाली होती, 'म्हातारी गाडी, तिला ब्रेस कसले? कवळी बसवा.'

टिल्लूने बजावलं होतं, 'कुणाला हात लावू देऊ नकोस. बाबांची गाडी आहे, मी येऊन लावणार.'

म्हणून खोकं जागचं हललं नाही. ते तिथे आहे तोवर तो यायचाच आहे, असं मी धरून चालले होते. वेडी कुठली.

१८ जानेवारी

मागच्या सीटवर पडद्यांचे गठ्ठे, आणि पुलाच्या वळणावर गाडी अशी काही कलंडली की शेजारच्या टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. 'मावशी, झोप लागली का?' मला नव्हती लागली. गाडीच कुशीवर वळत होती.

कडेला थांबले, पाणी प्यायले. मग राग आला — टेम्पोवाल्याचा नाही, टिल्लूचा. येऊन लावणार म्हणे. तू येईपर्यंत मी दरीत! सोमवारीच खोकं गॅरेजच्या मिस्त्रींकडे नेते.

२० जानेवारी

ह्यांच्या हयातीपासून ही गाडी मिस्त्रीच सांभाळतात. स्पष्टवक्ते म्हणायचं म्हणजे फटकळ. दांडे बघून म्हणाले, 'वहिनी, शर्यतीत उतरताय का?'

मी म्हटलं, 'उतरले तर तुम्हाला शेजारी बसवीन.'

खोक्यात चित्रांचा एक कागद होता, तो दाखवला. चित्रात चाकं जमिनीवर होती आणि मग पाना फिरवणारा हात. मिस्त्री म्हणाले, 'चित्रात गाडी लाल पण आहे. रंगवू का?' आणि गाडी लिफ्टवर टांगून, चाकं हवेत लोंबत असताना, पोटाखालचा दांडा करकचून आवळला. मग पुढचा, मागचा.

घरी येताना प्रत्येक खड्ड्यात कुईं! आधी निदान गप्प कलंडायची.

२२ जानेवारी

परत गेले. मिस्त्री गाडीभोवती फिरले, कान लावला, मान हलवली. 'काही नाही, नवीन आहे, रुळेल.'

आता मला राहवेना. म्हटलं, 'मी पडदा टेबलावर अंथरून शिवला आणि खिडकीत टांगला की तो वेगळाच लोंबतो. म्हणून आधी कच्चा टाका घालते, टांगून बघते, मग पक्की शिवण. तसंच गाडी टांगलेली असताना तिचं अंग वेगळं, उभी असताना वेगळं. तुम्ही टांगलेल्या अंगाला पक्की शिवण घातलीत.'

मिस्त्रींनी पाना उचलला. मग सगळे नट सैल केले, गाडी खाली घेतली, चाकांवर वजन येऊ दिलं, चार वेळा दाबून हलवली, आणि मग गॅरेजमधल्या खड्ड्यात उतरून हळूहळू आवळलं. आवाज गेला. 'चित्र बरोबर होतं,' म्हणाले. मला नाही म्हणाले, चित्राला म्हणाले. चालेल.

२३ जानेवारी

काय सांगू! पुलाचं वळण. मी श्वास धरून स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी नुसती वळली. पुढचं अंग वळलं तसं मागचंही, एकाच वेळी, एका जिवाने. कुशीवर नाही, काही नाही. पुढून वळून परत आले, पुन्हा गेले. पुन्हा आले. पन्नाशी उलटलेली बाई एकटी गाडीत हसतेय. कुणी पाहिलं असतं तर!

टिल्लूला सांगावंसं इतकं वाटलं की गाडी कडेला घेऊन नंबर लावला. एक रिंग झाली आणि कापला. काय सांगणार होते? तुझं काम मी उरकलं? आता यायचं कारण नाही?

घरी आले. पलंगाखाली वाकून पाहिलं. धुळीत खोक्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन. तिथेच जमिनीवर बसून रडले. वळण नीट व्हावं म्हणून मुलाची वाट बंद केली मी. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणतील लोखंडासाठी का कुणी येतं? नसेल येत. पण फोनवर दर वेळी तो खोक्याचं विचारायचा. एवढी एकच गोष्ट या घरातली तो विसरला नव्हता.

२४ जानेवारी

झाडताना पायाला काही लागलं नाही.

६ फेब्रुवारी

येतोय! गुडघा नाही, औषधं नाही, थेट — 'आई, रजा मिळाली.' मी खुर्ची शोधली.

'आल्या आल्या पहिलं काम ब्रेस. खोकं तसंच आहे ना?'

'तसंच आहे.'

'फोडलं नाहीस ना?'

'मला काय करायचंय त्या लोखंडाशी?'

इतकं सफाईने खोटं मी जन्मात बोलले नाही.

७ फेब्रुवारी

मिस्त्री म्हणाले, 'बिघडलेलं काढतात वहिनी. तुम्ही चांगलं बसलेलं काढायला आलात?'

सांगितलं सगळं. वाटलं आता टोमणा येणार. मुकाट्याने पाना घेतला आणि तिन्ही दांडे सोडवले. नटाखाली रंग घासून गोल चकचकीत वळी उठली होती. त्यावर मिस्त्रींनी जमिनीवरची काळी धूळ बोटाने चोळली, मागे सरून बघितलं, परत चोळली. 'आता कुणाच्या बापाला कळणार नाही,' म्हणाले. मग जीभ चावली.

बुडबुड्यांच्या कागदात दांडे गुंडाळले. नट पिशवीत. चिकटपट्टी जुनीसारखी दिसेना म्हणून तीही हाताने चोळून मळवली. खोकं सरकवून ठेवलं. येताना पुलाच्या वळणावर गाडी कलंडली. मी म्हटलं, कलंड बाई, थोडे दिवस.

१९ फेब्रुवारी

आला. वाळलाय. दारातून वाकून आत आला, तसे ह्यांचे खांदे दिसले.

२१ फेब्रुवारी

सकाळपासून अंगणात हत्यारं मांडून बसला होता. मी वेताचा मोडा घेऊन शेजारी. पुढचा लावला, डिकीतला लावला. गप्पा मारत होता, तिकडच्या, कसल्या कसल्या. तिकडे खोलीची खिडकी भिंतीकडे उघडते म्हणाला. संध्याकाळी कामावरून आल्यावर पहिला दिवा स्वतःलाच लावावा लागतो म्हणाला. मी नुसती बघत होते. हातावर ग्रीस, कानाला ग्रीस. असाच लहानपणी सायकलखाली पडलेला असायचा.

मग पोटाखालचा. जॅकवर गाडी उचलून खाली ठोकळे लावले, सरकून आत गेला. दांडा धरून नट फिरवायला लागला. करकर आवाज आला आणि माझ्या तोंडून गेलं —

'अरे, आत्ता पक्कं नको आवळू. खाली घे आधी, वजन चाकांवर येऊ दे, मग...'

आवाज थांबला. गाडीखालून फक्त त्याचे बूट दिसत होते. मी मोड्यावर दगड होऊन बसले.

'बरं,' म्हणाला.

बाहेर आला, गाडी चाकांखालच्या जाड फळ्यांवर उतरवली, परत आत जाऊन आवळलं. तिन्ही झाले. मला फिरवून आणलं. पुलावर मी तोंडभर आश्चर्य केलं, अगंबाई म्हटलं, दोनदा म्हटलं. तो समोर रस्त्याकडे बघत होता. जेवणाआधी हात धुताना सहज विचारल्यासारखं म्हणाला, 'मिस्त्रीकाका बरे आहेत ना?'

'असतील. मला काय माहीत,' म्हटलं.

१ मार्च

उद्या जाणार. बॅगेत जागा नाही म्हणतो आणि लोणी-साखर खाणाऱ्या मुलासारखा स्वयंपाकघरात घुटमळतो. पुढे कधी, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

२ मार्च

सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा चाकांची हवा बघतो म्हणून किल्ली घेऊन गेला. बराच वेळ आला नाही. आला तो हात पुसत. मी म्हटलं, 'हवा काय तोंडाने भरलीस?' तर हसला — आधी श्वास, मग आवाज.

विमानतळावर सोडलं. आत जाताना वळून बघितलं नाही त्याने. बघितलं असतं तर मला परतता आलं नसतं.

येताना पुलाचं वळण. पुढचं अंग नीट वळलं, आणि मागचं हललं. थोडंसंच. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं.

कडेला थांबून डिकी उघडली. मागचा दांडा नाही. ताजी चकचकीत वळी तेवढी.

घरी येऊन पलंगाखाली वाकले. खोकं आहे. आत एकच दांडा, बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळलेला, नट पिशवीत. चिकटपट्टी चोळून मळवलेली.

परत आत सरकवलं. हात लावणार नाही.