मोज्यांच्या कप्प्यातलं माप

अहो,

मी हातकणंगल्याला दादाकडं चाललीय. सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दात सरळ करायला पोस्टानं मागवलेले हे प्लास्टिकचे ट्रे नक्की तुमच्याच मापाचे हायत काय?" तेव्हा मला आठवलं. ट्रेवाल्या कंपनीनं धाडलेल्या किटमधली पुट्टी, तो मऊ गोळा, चावून मी दातांचं माप दिलं, आणि उरलेला गोळा तुम्ही गंमत म्हणून चावला. कंपनीला माप धाडायचं पार्सल तुम्हीच भरलंत. घरी येऊन शोधलं, तर माझं माप तुमच्या मोज्यांच्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेलं!

म्हणजे चूक तुम्हाला कळली होती. तरी पाच महिने मी दुखतंय म्हणून रडले की तुमचं एकच, "दात सरकायलेत की, सोस जरा." आता पुढचे दोन हलायलेत.

दिवस मावळायच्या आत आत्याबाई आणि मामंजी जेवायला येतील. मीच बोलावलंय. स्वयंपाक केलेला न्हाय. सून कुठं गेली, ते तुम्हीच सांगायचं. खोटं बोलू नका, माझं माप मी संगं नेलंय आणि आत्याबाईंना फोनवर सगळं सांगितलंय.

तुमच्या ताटातल्या वाटीत पहिला ट्रे ठेवलाय. दोघांच्या समोर घालून दाखवा. बरोब्बर बसंल.

रुचिता